घटातलं धान का कुजलं, आणि यंदा घट कसा बसवावा

ताई, गेल्या नवरात्रात आपल्या हातून घट नासला म्हणूनच सासूबाई गेल्या का, असं तुम्ही पत्रात विचारलंय. त्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. गेल्या वर्षी तुमच्या घटातलं धान कुजलं ते पाणी जास्त झाल्यानं. तुमच्या सासूबाई माघात गेल्या त्या त्यांच्या आजारानं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या म्हणूनच तर घट पहिल्यांदा तुमच्या हाती आला. म्हणजे आजारपण आधीचं आणि घट नंतरचा. "घट नासला तेव्हाच मला कळलं होतं" असं चुलत सासूबाई म्हणाल्या, ते दुःखाच्या भरात म्हणाल्या असतील, पण ते बोलणं खरं नाही आणि तुम्ही ते मनावर घेऊन बसू नका.

मी हे नुसतं समजूत घालायला म्हणत नाही. तुम्ही लिहिलंय त्यातच कारण आहे. गावाकडची, कळंब तालुक्यातली वाट पुरानं बंद होती, म्हणून शेतातली माती आली नाही आणि तुम्ही छत्रपती संभाजीनगरातल्या नर्सरीतून मातीचं पोतं आणलं. घट बाजारातून घेतला, लाल-पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेला. खाली प्लास्टिकचा ट्रे. धान किराणा दुकानातलं, नऊ प्रकारचं, सगळं रात्रभर भिजवलेलं. पाणी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर. चौथ्या मजल्यावरचं बंद देवघर, बाहेर संततधार. पाचव्या माळेला, म्हणजे पाचव्या दिवशी, वास सुटला, सातव्या माळेला बुरशी दिसली. यात देवीच्या कोपाचं काय आहे? अशा ओलीत शेतातलं सोयाबीनसुद्धा जागेवर कुजतं, आणि गेल्या वर्षी ते कुजलंच.

आमचं घर धाराशिव जिल्ह्यातलं, शेतीवर जगणारं, कुलदेवी तुळजापूरची आई भवानी. सासूबाईंच्या मागं घट माझ्याकडं आला आणि आता भावकीतल्या नव्या सुना पितृपक्षातच विचारायला येतात. त्यांना मी पहिल्यांदा एकच सांगते. घट म्हणजे घरात आणलेलं शेत आहे. माती, पाणी, बी आणि हवा एवढं सांभाळलं की धान येतं. मंत्र येवोत न येवोत, नैवेद्याला पुरण जमो न जमो, आई ते पदरात घेते. पण मातीला चुकीची वागणूक दिली तर माती ते पदरात घेत नाही.

आपल्या जुन्या रीतीत घटाला जे जे साहित्य सांगितलंय त्यातलं एकेक काही ना काही काम करतं, हे नीट बघा. कुंभाराकडचा साधा, न रंगवलेला घट झिरपतो. आत भरलेलं पाणी त्याच्या अंगातून थेंबाथेंबानं बाहेर येतं आणि भोवतीच्या मातीला ओल देत राहतं. म्हणून घटाच्या पोटाजवळचं धान आधी उठतं आणि कडेचं मागून येतं. ऑइलपेंट दिला की ती भोकं बुजतात. मग माती वरून कोरडी दिसते आणि आपण वरून पाणी ओततो. खाली वेळूची परडी किंवा दुरडी असते, तिच्यातून जास्तीचं पाणी निथळतं आणि बुडातून हवा खेळते. परडीत पळसाची पत्रावळ घातली तर माती गळत नाही, पाणी मात्र वाट काढतं. प्लास्टिकच्या ट्रेला बूड बंद. त्यात साठलेल्या पाण्यानं मुळं गुदमरली.

नर्सरीची माती वाईट नसते, पण तिच्यात बहुतेक वेळा नारळाचा भुसा असतो आणि तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. कुंडीतल्या झाडाला ते सोयीचं. घटातल्या बियाला तीन-चार दिवसांत कोंब काढायचा असतो, त्याला पाण्याइतकीच हवा लागते.

आता यंदा घट बसवावा का? वर्ष झालं नाही म्हणून नातेवाइकांत दोन मतं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडं दोन्ही रीती आहेत. काही घरांत वर्षश्राद्धापर्यंत गोडधोडाचा सण करत नाहीत, तरी कुलदेवीचा घट मात्र थांबवत नाहीत, कारण तो सण नाही, कुळाचार आहे. काही घरांत त्या वर्षी घट भावकीतल्या दुसऱ्या घरी बसतो आणि आपण तिथं माळ घालायला जातो. सुतक केव्हाच फिटलंय, त्यामुळं शास्त्राची आडकाठी नाही. माझं मत विचाराल तर बसवा. सासूबाईंनी आयुष्यभर जो दिवा लावला तो त्यांच्याच वर्षात अंधारात ठेवायचा, हे माझ्या मनाला पटत नाही. वाटलं तर फुलोरा (घटावर बांधायच्या गोड कडक पुऱ्या, म्हणजे कडाकण्या) साधा ठेवा, वाजतगाजत आरती करू नका. पण आधी तुमच्या मोठ्या नणंदेला आणि आत्यासासूबाईंना फोन करून घरची रीत विचारा. घट देवासमोर की देवघराच्या बाजूला, टाक (देवांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा) विड्याच्या पानावर बसवतात का, घटावर नारळ ठेवतात की नुसती पानं, कुठल्या माळेला कोणता नैवेद्य, घट नवमीला उठतो की दसऱ्याला. हे सगळं वहीत लिहून काढा. शेजारणीची रीत आणि इंटरनेटवरची रीत यांच्यापेक्षा ती वही मोठी. ज्या दोन बायकांना तुमच्या सासूबाईंचे हात घट मांडताना आठवतात, त्या आज फोनवर सापडतात, उद्याचं कोणी सांगावं.

एखादं अचानक सुतक आलं तर काय, हेही सांगून ठेवते, कारण ऐन वेळी माणूस गडबडतो. प्रतिपदेला जमलं नाही तर तृतीयेपासून सात दिवसांचं, पंचमीपासून पाच दिवसांचं, सप्तमीपासून तीन दिवसांचं नवरात्र करता येतं. तेही नाही जमलं तर अष्टमीला एक दिवसाचं. घट बसल्यावर सुतक आलं तर भावकीबाहेरच्या कोणाकडून किंवा गुरुजींकडून माळ आणि पाणी चालू ठेवतात. घट अर्ध्यात मोडत नाहीत.

यंदा ज्येष्ठ महिना अधिक आल्यानं नवरात्र पुढं सरकलंय, घट 11 ऑक्टोबर 2026 ला बसतील. गेल्या वर्षी ते 22 सप्टेंबरला बसले होते, ऐन पुरात. तिथीची वृद्धी होऊन दसरा 2 ऑक्टोबरला गेला, म्हणजे तुमच्या त्या चिखलाला एक दिवस जास्तच मिळाला. ऑक्टोबरात हवा तुलनेनं कोरडी असते. घटाला ते चांगलं.

तयारीला पितृपक्षापासून लागा. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापुरात आईची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. ती मूर्ती चल आहे, म्हणून हे शक्य होतं. प्रतिपदेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर बसते आणि मग मंदिरात घटस्थापना होते. या आठवड्यात आपल्याकडं घरोघर दसरा काढतात. गोधड्या, वाकळा, पांघरुणं धुवून निघतात, भांडी माळ्यावरून खाली येतात. तुमच्या फ्लॅटमध्ये नदीवर गोधड्या न्यायचा प्रश्न नाही, पण देवघराची खिडकी उघडते का, तिथं वारा किती येतो, दिवा कुठं सुरक्षित राहील, हे त्या आठवड्यात बघून ठेवा.

माती यंदा शेतातूनच आणा. कोणी येणार-जाणार असेल त्याच्याबरोबर पाच-सहा किलो मागवा, घटाला त्याच्या निम्मीच लागते, उरलेली वर पसरायला कामी येते. गेल्या सप्टेंबरात परंडा, भूम, कळंब या भागांत किती रानं खरवडून गेली हे तुम्हाला मी सांगायला नको. कित्येकांच्या पट्टीत खाली नुसता मुरूम उघडा पडला. तुमच्या रानातही तसं झालं असेल तर बांधाकडची, जिथं माती टिकली आहे तिथली घ्या, नाहीतर भावकीतल्या कोणाच्याही रानातली घ्या. माती दुसऱ्याच्या रानातली चालते. ओली असेल तर दोन दिवस उन्हात पसरा, ढेकळं फोडा, चाळणीनं चाळा, खडे आणि काडीकचरा काढा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि घट्ट बसते, म्हणून चार ओंजळी मातीला एक ओंजळ चाळलेली नदीची वाळू किंवा जुनं कुजलेलं शेणखत मिसळलं तर ती मोकळी राहते. ताजं शेण घालू नका, त्याची उष्णता बियाला सोसत नाही.

मग माती ओलवायची. पेरणीला जसा वाफसा बघतात तसाच इथंही बघायचा. मूठभर माती दाबली की लाडू झाला पाहिजे आणि बोटानं टोचला की तो फुटला पाहिजे. लाडू झालाच नाही तर पाणी कमी आहे. लाडू फुटला नाही आणि बोटाला चिखल लागला, तर जास्त. एवढी एक गोष्ट हाताला कळली की निम्मं काम झालं.

धानाचं म्हणाल तर कोणी पाच सांगतं, कोणी सात, कोणी नऊ. घरची रीत असेल तसं घ्या. आमच्याकडं गहू आणि ज्वारी मुख्य. मूग, मटकी, हरभरा, करडई, जवस, साळ हे चिमूट चिमूट. दिसायला सुंदर आणि भरवशाचे गहू आणि ज्वारीच. ते सरळ सुईसारखे वर येतात. कडधान्य लवकर फुगतं, लवकर सडतं आणि शेजारच्या बियालाही घेऊन बसतं, म्हणून ते कमीच टाका. सोयाबीन तर टाकूच नका. त्याची साल नाजूक असते, घटातल्या ओलीत ते टिकत नाही. सगळं धान रात्रभर भिजवायची गरज नाही. गहू आणि ज्वारी दोन-तीन तास भिजवून निथळून घ्या, बाकीचं कोरडंच टाका. जवस तर मुळीच भिजवू नका, त्याला चिकटा सुटतो आणि सगळं गोळा होतं.

बियाण्याच्या पिशवीतलं गुलाबी-लाल रंगाचं बी घटाला वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. उगवतं छान, पण घटाला लेकरं हात लावतात, दसऱ्याला तेच धान आपण कानावर, टोपीत, देवाच्या डोक्यावर ठेवतो. तिथं औषध नको. घरच्या कणगीतलं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडचं, त्याच वर्षीचं धान घ्या. दुकानातलं घ्यायची वेळ आली तर पॉलिश केलेलं आणि तुटकं नको. डाळ झालेलं कडधान्य तर उगवणारच नाही. आणि पितृपक्षात एकदा तपासून बघा. प्रत्येकाचे दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, तीन दिवसांनी उघडा. ज्याच्या सात-आठ दाण्यांना मोड आले ते घ्या, ज्याच्या दोनच दाण्यांना आले ते बाजूला करा. शेतकरी पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात ठेवून हेच करतो. सोयाबीनला शंभरात सत्तर उगवले तर ते पेरणीयोग्य धरतात.

जुनी माणसं घटाकडं बघून रब्बीचा अंदाज बांधायची. खरीप निघत आलेला असतो, हस्ताचा पाऊस होऊन गेलेला असतो, ज्वारीची पेरणी तोंडावर असते. घटात ज्वारी जोमात आली की घरात उत्साह यायचा. मला ते बघायला अजूनही आवडतं. पण घटातल्या मिसळलेल्या धानावरून पेरणीचं बियाणं ठरवू नये, त्यासाठी गोणपाटातले शंभर दाणेच खरे. आणि घटावरून घराचं बरंवाईट तर मुळीच ठरवू नये. शेतकरी एका वर्षी दुबार पेरणी करतो, म्हणून देवीनं त्याला टाकलं असं आपण म्हणत नाही. मग तो दोष सुनेच्याच माथी का?

मांडणी तुमच्या वहीप्रमाणे करा. माझी अशी. पाटावर किंवा चौरंगावर तांदळाचं किंवा गव्हाचं स्वस्तिक, त्यावर परडी, परडीत पत्रावळ. दोन बोटं मातीचा थर, मध्ये घट बसेल एवढी जागा दाबून. घट आत ठेवून मग भोवती धान पसरायचं, गहू-ज्वारी दाट आणि कडधान्य विरळ. त्यावर एक बोट मातीचा भुरभुरीत थर. हा थर दाबायचा नाही. घटात पाणी, हळदकुंकू, सुपारी, नाणं, वर पाच विड्याची किंवा आंब्याची पानं, त्यावर नारळ. घटाच्या गळ्याला दोरा. टाक विड्याच्या पानावर. आमच्याकडं एकदा देव घटी बसले की दसऱ्यापर्यंत जागचे हलवत नाहीत, रोजचा अभिषेक नाही, फुलानं पाणी शिंपडून पूजा. तुमच्याकडं तसं असेल तर प्रतिपदेलाच देव नीट घासून-पुसून बसवा.

पहिल्या दोन दिवसांत वरून पाणी घालूच नका. नवा घट सुरुवातीला भरपूर झिरपतो. तिसऱ्या माळेपासून रोज सकाळी मातीवर बोट टेकवून बघा. बोटाला गार लागलं तर फक्त दुर्वांनी शिंपडा. कोरडं लागलं तर फुलपात्रभर पाणी कडेकडेनं द्या, घटाच्या पोटाला लागून नको, तिथं ओल आपोआप असते. घटातलं पाणी कमी झालं की वरून भरा. घरच्या रीतीनं तांब्या-पितळेचा कलश असेल तर तो झिरपणार नाही, मग रोज थोडं पाणी हातानंच द्यावं लागेल.

दुसऱ्या-तिसऱ्या माळेला गव्हाच्या आणि ज्वारीच्या मोडाभोवती पांढरी लव दिसते. नव्या सुनांचे फोन मला त्या दिवशी येतात, "काकू, बुरशी आली." ती बुरशी नसते, मुळांची केसं असतात. हलकं पाणी शिंपडलं की ती चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी पाण्यानं जात नाही. ती कापसासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं धरते, तिला करडा-हिरवा रंग येतो आणि आंबूस वास सुटतो. तशी दिसलीच तर घाबरायचं नाही. तेवढे दाणे आणि तेवढी माती चमच्यानं अलगद काढायची, तिथं कोरडी माती भुरभुरायची, एक दिवस पाणी बंद ठेवायचं आणि खिडकी उघडायची. जागा रिकामी वाटली तर चौथ्या माळेपर्यंत पुन्हा मूठभर गहू टाका. दसऱ्यापर्यंत बोटभर तरी होतो. यात दोष नाही. रानात नांगे (बी न उगवलेल्या जागा) भरतात, घटातही भरावेत.

धान पिवळं येतं म्हणूनही काहीजणी विचारतात. अंधाऱ्या देवघरात उजेड मिळत नाही, म्हणून पातं हिरवं होत नाही आणि उजेड शोधत उंच वाढतं. दसऱ्याला टोपीत खोवायला ते सोन्यासारखं पिवळं धान छानच दिसतं.

माळांना आपल्याकडं रानातलं फूल चालतं. तरवडाची पिवळी फुलं, कारळ्याची फुलं, झेंडू, शेवंती. गावाकडं पोरं सकाळी बांधावरून तरवड तोडून आणतात. शहरात तो माळरानाच्या कडेला मिळतो, नाही मिळाला तर झेंडू. पहिली माळ विड्याच्या पानांची घालतात अशीही घरं आहेत. माळा घटावर टेकवू नका, वर दोरी बांधून सोडा. ओली फुलं धानावर पडली की तिथंच कुजायला सुरुवात होते. नऊ रंगांच्या साड्यांचं विचारलंत. हौस असेल तर नेसा, कुळाचाराशी त्यांचा संबंध नाही.

नंदादीपाबद्दल तुमची भीती मला समजते. दोघंही नोकरीला, घर दिवसभर बंद, आणि दिवा अखंड हवा. आधी सुरक्षा बघा. समई पसरट परातीत ठेवा, परातीत वाळू घाला, वर पडदा, कागदी तोरण, ओढणी काही नको, गॅस सिलिंडरपासून लांब. काचेची चिमणी मिळाली तर वाऱ्याचा प्रश्न सुटतो. वात जाड आणि घट्ट वळलेली घ्या, तेल करडईचं किंवा तिळाचं. आपल्या भागात पूर्वी करडईचंच असायचं. काजळी झाडताना आधी दुसरी वात त्याच ज्योतीवर पेटवा आणि मगच पहिलीला हात लावा. शेजारी एक छोटी साक्षीची निरांजन ठेवली तर मोठी विझली तरी तिच्यावरून लावता येते. आणि तरीही विझला तर? हात जोडा, आईचं नाव घ्या आणि लावा. प्रायश्चित्त नाही, अपशकुन नाही. घर बंद करून जाताना मनात धाकधूक होत असेल तर मोठा दिवा शांत करून जा आणि आल्यावर लावा. आग लागण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. ज्या घरात लेकरं आणि म्हातारी माणसं असतात तिथं मी हेच सांगते.

पाळी आली तर काय, हे तुम्ही संकोचानं शेवटी विचारलंय. मोकळेपणानं सांगते. तुमच्या घरी पाळत असतील तर ते चार दिवस नवऱ्यानं पाणी घालावं, माळ घालावी, दिवा बघावा. तुळजापुरात आईची पूजा भोपे, म्हणजे तिथले पुजारी, पुरुषच करतात, तेव्हा पुरुषाच्या हातून घटाला कमीपणा येत नाही. त्याला वाफसा बघायला आधीच शिकवून ठेवा. पाळत नसाल तर तुम्हीच करा. पण पाळी पुढं ढकलायला परस्पर गोळ्या घेऊ नका. दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर बायका औषधाच्या दुकानातून त्या आणतात आणि पुढं महिनोन्‌महिने त्रास काढतात. जी आई स्वतः जगाला जन्म देते तिच्यासाठी लेकीनं शरीराला असं छळायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

उपवासाचंही तेच. तुम्हाला थायरॉइड आणि दगदगीची नोकरी, तेव्हा नऊ दिवस नको. उठता-बसता करा, म्हणजे घट बसतो त्या दिवशी आणि घट उठायच्या आदल्या दिवशी. भगर घ्याल तेव्हा पाकीटबंद घ्या, निवडून धुऊन घ्या आणि पीठ हवं तर घरी ताजं दळा. जुन्या, ओल धरलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते, आणि नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून येत असतात.

आता कडाकण्या. अष्टमीला घटावर फुलोरा बांधतात, काही घरांत सातव्या माळेला. सासूबाईंच्या कडाकण्या नऊ दिवस कडक राहायच्या आणि तुमच्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या, असं लिहिलंय. कणीक घट्ट भिजवा, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट. साखर पाण्यात पूर्ण विरघळवून, तेवढ्याच पाण्यात कणीक आणि थोडा रवा, चमचाभर गरम तेलाचं मोहन. मोहन जास्त झालं तर कडाकणी खुसखुशीत होते आणि दोऱ्यात तुटते. अर्धा तास झाकून ठेवून पातळ लाटा, काट्यानं टोचे मारा म्हणजे फुगणार नाही. दोऱ्याचं भोक तळायच्या आधीच पाडा, काडीएवढं बारीक नाही, चांगलं बोरूएवढं, कारण तळताना ते आवळतं. मंद आचेवर तांबूस होईपर्यंत तळा आणि कागदावर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. मऊ पडतात त्या बहुतेक गरम असतानाच झाकल्यानं. फणी, वेणी, करंडा असे आईच्या शृंगाराचे आकार लेकरांकडून करून घ्या. ओबडधोबड झाले तरी तेच फुलोऱ्यात आधी बांधा.

मंगळवारी किंवा शुक्रवारी दारात कोणी आराधी (देवीची उपासक बाई) जोगवा, म्हणजे देवीच्या नावानं भिक्षा, मागायला आली तर परडीत पीठ-मीठ घाला. शहरात आता कमी दिसतात. ओळखीचं कोणी नसेल तर पाच घरचा जोगवा आपण स्वतः मागायची रीतही काही घरांत आहे. तुमच्याकडं ती आहे का, हे नणंदेला विचारायच्या यादीत लिहा. आणि पाचव्या माळेला चुलत सासूबाईंना हळदीकुंकवाला बोलवा, त्यांची ओटी भरा. गेल्या वर्षी काय चुकलं ते त्यांना घटासमोर उभं करून दाखवा. रंगवलेला घट, बंद ट्रे, भिजलेला भुसा. त्यांनी जन्मभर शेती बघितलीय, माती हातात घेतली की त्यांना पटेल.

दसऱ्याला, 20 ऑक्टोबरला, आरती करून "आई राजा उदो उदो" म्हणत घट जागचा किंचित हलवायचा. तुमची रीत नवमीची असेल तर नवमीला. पहिलं धान आईला, मग बाकीच्या देवांना, मग घरातल्या माणसांना. पुरुषांच्या टोपीत, बायकांच्या वेणीत, लेकरांच्या कानावर. थोडं उंबऱ्याला, थोडं धान्याच्या डब्यात, थोडं दोघांच्या कामाच्या वस्तूंवर. घटातलं पाणी घरभर शिंपडा, उरलेलं तुळशीला. सासूबाईंच्या फोटोलाही धान वाहा. आपट्याची पानं आणाल तर चार पानं पुरतात, फांदी ओरबाडून आणू नका.

माती आणि उरलेलं धान नदीत सोडू नका. गावाकडं जाणाऱ्याबरोबर परत पाठवा, ज्या रानातून आली त्याच रानात जाऊ दे. तोवर ती कुंडीत ठेवा, गहू हिरवा होऊन आणखी पंधरा दिवस उभा राहील. कुंभाराचा घट स्वच्छ धुऊन वाळवा आणि घरात पाण्याला वापरा. पुढच्या वर्षी मात्र नवा घ्या, कारण वर्षभर वापरलेल्या घटाची भोकं क्षारानं बुजतात आणि तो पहिल्यासारखा झिरपत नाही. कोजागरीपर्यंत आई तुळजापुरात पुन्हा पलंगावर असते. त्या आधी दर्शनाला गेलात तर मूर्ती निजलेली दिसेल, त्यानं गोंधळू नका. सिंहासनावरचं दर्शन हवं असेल तर पौर्णिमेपासून जा, त्या दिवशी सोलापूरकडून पायी येणाऱ्यांची फार गर्दी असते, म्हणून तुमच्या लहान्याला घेऊन दोन दिवस उशिरानं गेलेलं बरं.